दिसायला देखणं की ऐकायला गोड? घरातल्या स्पीकरचे तुमचे अनुभव सांगा

काल माळा आवरताना बाबांचे जुने स्पीकर खाली काढले. जाळीचं कापड बाजूला केलं आणि वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या शंकूच्या, कडेला बोट लागलं, तर फोमचा भुगाच हातात आला. काळा, चिकट. लाकूड मात्र अजून तसंच तुकतुकीत. डाव्या पेटीवर कुंडीचा गोल डाग. आईची कुंडी.

त्या दोन पेट्यांवरून घरात कायम ओढाताण असे. बाबांना त्या भिंतीपासून हातभर पुढे हव्या असत, आईला भिंतीला चिकटून. केर काढताना ती मागे ढकलायची, संध्याकाळी बाबा पुढे ओढायचे. फरशीवर चरे पडले होते. मला तो बाबांचा हट्ट वाटायचा.

आता माझ्या घरात मी पांढरे, छोटे, कपाटाच्या खणात नेमके बसणारे स्पीकर घेतलेत. दिसतात फार सुंदर. पण माठात तोंड घालून कुणी गावं तसा आवाज येतो. मागच्या बाजूला हवेसाठी भोक आहे आणि ते खणाच्या पाठीला जवळजवळ टेकलंय, हे काल कळलं. बाबा असते तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

तुम्ही कसं जमवलंत? सविस्तर लिहा.

———

जुने स्पीकर टाकू नका!!! फोमची कडा बदलता येते. मी दोन जोड्या केल्यात. जुना डिंक अगदी स्वच्छ खरवडायचा, घाई केली की नवी कडा वाकडी बसते. शंकू मधोमध बसला नाही तर आतली कॉइल घासते आणि खरखर येते. डिंक सुकायच्या आधी बोटांनी हलकेच आत दाबून बघा, अजिबात घासल्यासारखं वाटता कामा नये.

———

आमचं घराचं काम चालू होतं तेव्हा हौसेने सगळ्या वायरी भिंतीतून घेतल्या. एकही वायर दिसत नाही, येणारा जाणारा कौतुक करतो. पण गाणं लावलं की गायिका नक्की कुठे उभी आहे तेच कळेना, आणि डग्गा तर गायबच. अँप्लिफायर बदलला, तरी तेच. पुढे दोन वर्षांनी दीर आले होते, त्यांनी दोन्ही स्पीकर समोरासमोर तोंड करून अगदी जवळ ठेवले आणि म्हणाले, वहिनी, एकाची लाल-काळी वायर उलटी जोडली आहे. एक शंकू पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, खर्ज एकमेकांत जिरतो. वायर उलटी केली आणि मी अक्षरशः खाली बसले. तोच तबला! दोन वर्षं आम्ही तो ऐकलाच नव्हता. वायरी जरूर लपवा, पण भिंत बुजवायच्या आधी ऐकून घ्या.

———

दीर हुशार आहेत हो 🙏

———

आमच्याकडे मांजर आहे. जाळीच्या कापडावर नखं घासते. बाकी काही अनुभव नाही, वाचतेय.

———

आमचा हॉल म्हणजे एका बाजूला पूर्ण काच, खाली गुळगुळीत फरशी, भिंती मोकळ्या. फोटोत छान. टाळी वाजवली की झणझण ऐकू यायची. स्पीकरला दोष देत होतो. मग गालिचा टाकला, काचेवर जाड पडदा आणला, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट लावलं. 'स'चा चरचरीतपणा गेला, शब्द सुटे सुटे कानावर पडू लागले. खर्जाची घुम मात्र गालिच्याने कमी होत नाही. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३.४ मीटर असते, तिला गालिचा काय अडवणार? ती जागा बदलूनच जाते. कोपऱ्यातून स्पीकर काढला की फरक लगेच कळतो.

———

खर्जावरून आठवलं. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीटसं कळत नाही, त्यामुळे सबवूफर, म्हणजे फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, नजरेआड ठेवता येतो. आमचा सोफ्याच्या बाजूला आहे, कुणाच्या लक्षातही येत नाही. जागा शोधायची युक्ती: सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्ज असलेलं गाणं लावा आणि खोलीभर रांगत ऐकत फिरा. जिथे तो स्वच्छ, सारखा वाटेल तिथे सबवूफर. मुलगी माझ्या मागे रांगत होती, तिला खेळ वाटला. आता विचारते, बाबा परत कधी करायचं?

———

रांगायची कल्पना आवडली, रविवारी करणार.

मला मात्र 'दिसणं विरुद्ध आवाज' ही मांडणीच पटत नाही. ब्राउन कंपनीचा १९५६ चा एसके ४ हा रेडिओ-रेकॉर्ड प्लेअर घ्या, डीटर राम्स आणि हान्स गुगेलोट या डिझायनरांचा. त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण आवाजाने थरथरायचं म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं झाकण आलं. ते इतकं देखणं ठरलं की पुढे टर्नटेबलची ती ओळखच झाली. लोक त्याला हिमगौरीची शवपेटी म्हणायचे. नाहीतर क्लिप्शहॉर्न हा स्पीकर, १९४६ चा. कोपऱ्यातच ठेवायचा, कारण खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या भोंग्याचा पुढचा भाग. फर्निचरसारखा कोपऱ्यात बसतो आणि तिथेच त्याचा आवाज खुलतो. बनवणाऱ्याने जागेचा विचार आधीच केला असेल तर आपल्याला घरात भांडावं लागत नाही.

पण लहान पेटी, खोल खर्ज आणि थोड्या वॉटमध्ये मोठा आवाज, तिन्ही एकदम मिळत नाही. दोन घ्या, तिसरं सोडा. कुणी तिन्ही देतो म्हणाला तर आधी ऐकवायला सांगा.

———

कुंडी कसली होती?

———

(धागाकर्ती) मनीप्लँटची 🙂 पाणी जास्त झालं की ओघळ थेट पेटीवर.

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पांढरे स्पीकर खणातून काढले, स्टँड नाहीत म्हणून दोन स्टुलांवर ठेवले. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, आपण बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे, भिंतीपासून हातभर पुढे, दोघांमधलं अंतर आणि माझं अंतर सारखं. तंबोऱ्याची तार सुटी ऐकू आली. पहिल्यांदाच. हॉल मात्र विस्कटलेला दिसतोय, जाता-येता स्टुलाला पाय लागतो. नवऱ्याने बघितलं, काही बोलला नाही, पण दुसरं गाणं त्यानेच लावलं.

बाबांच्या पेट्यांचा फोम घ्यायचाय. ८ इंची सांगितलं तर चालेल का?

———

नको नको. नुसतं ८ इंची सांगू नका, त्यात बरेच प्रकार असतात. शंकूचा व्यास, फोमच्या कडेचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि गोल वळीची रुंदी, एवढं मोजून मिलिमीटरमध्ये लिहा. दोन्ही पेट्यांचं वेगवेगळं मोजा. फोटोही टाका, डागासकट.