फेरेटचे पुढचे टायर बदलले आणि गाडी जड झाली

कोव्हेंट्रीकर
राम राम मंडळी. शेजारच्या आजोबांकडे डेमलरची फेरेट स्काउट कार (टेहळणीची जुनी चिलखती लष्करी गाडी) आहे, आमच्या याच कोव्हेंट्रीत बनलेली. शनिवारी मी पाने हातात द्यायला जातो. गेल्या महिन्यात पुढचे दोन्ही टायर नवे घातले. मागचे बरे दिसले म्हणून राहू दिले. आता डांबरी रस्त्यावर चार किलोमीटर गेलो की गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी चालते, बेव्हल बॉक्सला (चाकाकडे फिरकी वळवणाऱ्या गिअरच्या पेटीला) हात लावला तर चटका बसतो. गवतावर काहीच नाही. ब्रेक धरतोय म्हणून ड्रम उघडले, कोरडे ठणठणीत. वर एका दुकानदाराने पाठवलेले स्पार्क प्लग केबलला बसेनात. काय करू?

जुना फिटर
ब्रेक नाही हो, पीळ बसतोय. डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल फेरेटला एकच, मधोमध. एका बाजूचं पुढचं आणि मागचं चाक शाफ्टनं एकमेकांना बांधलेलं, दोघांना सारखंच फिरावं लागतं. नवा टायर मोठा, जुना झिजलेला. चिखलात चाक घसरून हिशेब मिटवतं, डांबरावर कुठं घसरणार? चारही टायरचा घेर टेपनं मोजा.

आणि आता जॅक लावताना जपून. पीळ असलेलं चाक जमिनीवरून उचललं की गर्रकन फिरतं. मी ईएमईत (लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात) नवा असताना असंच बोट चेचून घेतलंय, नख अजून वाकडं आहे.

डावा पेडल क्लच नव्हे हेही आजोबांना माहीत असेलच. प्रीसिलेक्टर आहे, आधी गिअर निवडायचा, मग पेडल तळापर्यंत. अर्धवट दाबलं तर ते असं उसळतं की गुडघा विचारू नका.

पत्र्याचा डबा
प्लगबद्दल: इंजिन रोल्स-रॉइस बी६०, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून इग्निशन धातूच्या आवरणात झाकलेलं, साध्या गाडीचा प्लग चालणार नाही. हंबर पिग या लष्करी गाडीलाही बी६०च होतं, त्या नावानंही शोधा. ऑस्टिन चँप आणि सॅरासेन याही लष्करी गाड्याच, त्यांची बी४० आणि बी८० इंजिनं याच घराण्यातली, बरंच सामान जुळतं. पण फोटोवर जाऊ नका, डब्यावरचा १३ आकडी नाटो स्टॉक नंबर मागा. पाचवा-सहावा आकडा ९९ म्हणजे नंबर ब्रिटनने दिलेला. (आपला भारताचा ७२.)

कोव्हेंट्रीकर
मोजलं. पुढचा घेर २८० सेंटिमीटर, मागचा साडेचार सेंटिमीटरनं कमी!

जुना फिटर
म्हणजे किलोमीटरला सोळा मीटरचा पीळ. चटका बसेल नाहीतर काय. मागचेही बदला, तोवर गवतावरच फिरवा. रस्त्यावर नेलीच तर अधूनमधून एका बाजूची चाकं कच्च्यावर उतरवा, पीळ सुटतो.

कोव्हेंट्रीकर
आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "हे मला १९६२ मध्ये शिकवलं होतं, विसरलो." मागच्या जोडीची ऑर्डर दिली आहे.