जाणीव, भान, शुद्ध, चेतना: 'कॉन्शसनेस'ला मराठीत काय म्हणायचं?

विचारणा

'कॉन्शसनेस'वरच्या एका लेखाचं मराठीकरण करतोय. मेंदूचं शास्त्र कितीही पुढे गेलं तरी कॉन्शसनेसचा उलगडा होईल का, हा लेखाचा विषय. मी सरसकट 'चेतना' वापरलं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी निम्म्या ठिकाणी त्याचं 'जाणीव' केलं, दोन ठिकाणी 'शुद्ध', आणि शीर्षकात 'चैतन्य' सुचवलंय. एका लेखात एकाच संज्ञेला इतके शब्द चालतात का?

प्रतिसाद १

चालतात. शीर्षक सोडलं तर बाईंचं बरोबर आहे. मूळ शब्दात तीन-चार गोष्टी एकात एक कोंबलेल्या आहेत आणि त्या सगळ्या सारख्या अवघड नाहीत.

'शुद्ध' हरपते, परत येते, आणि ढोबळपणे मोजताही येते. ग्लासगो कोमा स्केल १९७४ साली आलं: डोळे उघडतात का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावर ३ ते १५ गुण. या अर्थाच्या कॉन्शसनेसमागे मेंदूचा कोणता भाग आहे हे बरंच कळलंय. मेंदूच्या खोडाला इजा झाली की शुद्ध जाऊ शकते, यात गूढ फारसं नाही.

'भान' वेगळं. काम करता करता वेळेचं भान सुटतं तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवरच असतो. लक्ष देणं, स्वतःकडे पाहणं, हा मामला भानाचा. 'चेतना'बद्दल माझी तक्रार अशी, की चेतापेशी आणि चेतासंस्था हे शब्द आपण आधीच पक्के केलेत. 'चेतापेशींतून चेतना कशी उपजते' असं लिहिलं की प्रश्न विचारतानाच अर्धं उत्तर दिल्यासारखं होतं.

राहता राहिली 'जाणीव'. सामाजिक जाणिवा, कर्तव्याची जाणीव वगैरेंनी हा शब्द थोडा झिजवलाय खरा, पण लाल रंग दिसणं, दात ठणकणं, यातलं जे 'आतून वाटणं' आहे त्याला यापेक्षा जवळचा शब्द मला माहीत नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९५ साली ज्याला 'कठीण प्रश्न' म्हटलं तो इथला आहे. मेंदू माहिती कशी गोळा करतो, कशी वापरतो, हे सगळं उद्या समजलं तरी हे होताना काही 'वाटतं' का, हे शिल्लक राहतंच.

'चैतन्य' शीर्षकात नको. रोजच्या बोलण्यात ते उत्साह होतं, आणि वेदान्तात ते कशातून निर्माणच होत नाही. निर्माण न होणाऱ्या गोष्टीचा मेंदूतून उलगडा कसला मागायचा?

प्रतिसाद २

'चैतन्य' फक्त वेदान्ताच्या खात्यावर टाकू नका. जडवादी चार्वाक हाच शब्द वापरून उलट सांगत: आंबवलेल्या पदार्थात जशी मादकता येते, तसं चार भूतांच्या मिश्रणातून शरीरात चैतन्य येतं. सुटं भूत घेतलं तर त्यात ते नसतं. म्हणजे भांडण शब्दाच्या आतच चालू होतं. शीर्षकात मात्र मीही 'जाणीव'च घेईन.

गंमत 'विज्ञान' या शब्दाची. बौद्ध दर्शनात माणूस ज्या पाच स्कंधांचा, म्हणजे घटकांचा, बनलेला मानतात त्यांपैकी एकाचं नाव विज्ञान, आणि तिथे त्याचा अर्थ जाणीव असा आहे. आपण आज विचारतो, विज्ञानाला जाणिवेचा उलगडा करता येईल का. जुन्या पंडिताला हे वाक्य 'जाणिवेला जाणीव कळेल का' असं ऐकू आलं असतं.

प्रतिसाद ३

मी भूलतज्ज्ञ. शुद्ध तेवढी सोपी आणि जाणीव तेवढी कठीण, ही वाटणी टेबलावर इतकी साफ राहत नाही. टन्स्टॉल यांची १९७७ सालची एक पद्धत आहे. स्नायू शिथिल करणारं औषध देण्याआधी एका हातावर पट्टा आवळतात. औषध त्या हातात पोचत नाही, त्यामुळे तो हलू शकतो. पेशंटला भूल चढली आहे असं आपण धरून चाललेलो असतो, तेव्हा त्याला सांगायचं, 'माझा हात दाबा.' काही जण दाबतात. नंतर विचारलं तर त्यांना काहीच आठवत नाही. आता ते बेशुद्ध होते का? त्यांना जाणीव होती आणि आठवण राहिली नाही, की जाणीवच नव्हती? हात दाबला एवढंच आमच्या हाती.

२००६ साली मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढचं दाखवलं. बाहेरून कसलाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला त्यांनी स्कॅनरमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेय अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूत तेव्हा जो भाग जागा होतो तोच तिच्याही झाला. ग्लासगोच्या गुणांत हे कुठेच बसत नाही.

विचारणा करणाऱ्याचा प्रतिसाद

मग माझा सर्वांत अडलेला परिच्छेद टाकतो. अंधदृष्टीवरचा आहे. डी. बी. नावाने ओळखला जाणारा पेशंट, मेंदूतल्या दृष्टीच्या भागावर शस्त्रक्रिया झालेली. डावीकडचं काही दिसत नाही म्हणायचा. पण तिथल्या दिव्याकडे बोट करायला लावलं तर बरोबर करायचा, आणि वर 'अंदाजाने केलं' म्हणायचा. वाइस्क्रांट्झ यांचं १९७४ चं काम. मी लिहिलंय: 'तो नेणिवेच्या पातळीवर पाहतो.' बरोबर वाटतं का?

प्रतिसाद १

'नेणीव' काढा. हरिपाठात 'जाणीव नेणीव भगवंतीं नाहीं' म्हणताना तिचा अर्थ साधा, न जाणणं. पण आता हा शब्द फ्रॉइडच्या घरी नांदतो. वाचक दडपलेल्या इच्छा शोधत बसेल. 'नकळत' लिहा.

खरं तर या परिच्छेदापुरती तुम्हाला संज्ञाच नको. आपल्याकडे पाहणं आणि दिसणं ही दोन क्रियापदं आहेत. मी पाहतो, पण मला दिसतं. पाहण्यात कर्ता मी आहे, दिसणं मला होतं. ऐकणं आणि ऐकू येणं तसंच. डी. बी. बद्दल सरळ लिहा: 'त्याचा मेंदू पाहत होता, त्याला दिसत नव्हतं.' पाहण्याचा उलगडा डोळ्याच्या पडद्यापासून मेंदूपर्यंत, पेशीपेशीने, देता येतो. 'मला'चा देता येत नाही, निदान अजून. त्याच चाल्मर्स यांच्याशी मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ साली पैज लावली होती की २५ वर्षांत जाणिवेमागची मेंदूतली यंत्रणा सापडेल. २०२३ मध्ये कॉख यांनी हार मानून पैजेची वाइन दिली.

प्रतिसाद २

एक शंका. 'मला दिसतं' अशी रचना आहे म्हणून दिसण्यामागे कुणी 'मी' बसलाय, असं सिद्ध होत नाही. 'मला ताप आला' यातही 'मला' आहेच, आणि तापाचा उलगडा डॉक्टर बिनदिक्कत करतात.

प्रतिसाद १

मान्य. व्याकरणावरून तत्त्वज्ञान काढत नाही, फरक दाखवायला सोयीचं म्हणून वापरतोय. पण तापाचं उदाहरण तुमच्यावर उलटतं. पारा चढला एवढं थर्मामीटरला कळतं. अंग मोडून आल्यासारखं वाटणं डॉक्टरलाही तुम्हालाच विचारावं लागतं.

प्रतिसाद ३

आम्हीही विचारूनच ठरवतो. 'पूर्ण शुद्धीवर' असा शेरा लिहिण्याआधी नाव विचारतो.