मिरज जंक्शन : आधी पडून असलेले फलाट वापरात आणा, इमारत नंतर

मिरजवेस

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनची गोष्ट आधी थोडक्यात सांगतो. तिथे १९९४ साली युरोस्टार गाड्यांसाठी (समुद्राखालच्या बोगद्यातून युरोपात जाणाऱ्या) २० ते २४ नंबरचे पाच फलाट सुरू झाले. नोव्हेंबर २००७ मध्ये युरोस्टार सेंट पँक्रस स्टेशनवर गेली आणि पाचही फलाट बंद पडले. शेजारच्या एकोणीस फलाटांवर लोकलची रेटारेटी, आणि हे ओस. ऑगस्ट २०१७ मध्ये दहा डब्यांच्या गाड्यांसाठी १ ते ४ नंबरचे फलाट लांबवायचे होते. त्या कामासाठी १ ते ९ नंबरचे फलाट बंद ठेवल्यावर गाड्या कुठे घ्यायच्या? तेव्हा हेच जुने फलाट तात्पुरते उघडले आणि २०१९ पासून ते कायमचे वापरात आले.

आता आपल्याकडे. स्टेशनं नव्याने सजवायच्या रेल्वेच्या अमृत भारत योजनेत सातारा, कराड, सांगली, मिरज ही सगळी नावं आहेत. चित्रं सुंदर आहेत, कमानी, काचा, बागा. माझी मागणी एवढीच की कमानीच्या आधी मिरज जंक्शनमधल्या प्रत्येक जुन्या फलाटाची, डॉकची (एका टोकाला बंद असलेल्या आखूड फलाटाची) आणि यार्डातल्या रिकाम्या रुळाची यादी रेल्वेने जाहीर करावी. वापरात काय आहे, पडून काय आहे, दुरुस्तीला काय लागेल, हे लोकांना कळू दे. हे एकेकाळी तीन गेजचं, म्हणजे तीन वेगवेगळ्या रुंदीच्या रुळांचं जंक्शन होतं. बार्शी लाईट रेल्वे कंपनीची छोटी लाईन १९२७ ला इथे पोचली, मीटरगेज त्याच्या आधीपासून होती, १९७१ ला पुण्याकडून ब्रॉडगेज आली. तीन गेजच्या गाड्या ज्या आवारात मावल्या, तिथे आज जागाच नाही असं कुणी म्हटलं तर मला ते कागदावर बघायचंय.

आणि त्या फलाटांपर्यंत जायला दोन्ही बाजूंनी वाट पाहिजे. जिने चढून येणाऱ्यांचा विचार झाला, न चढू शकणाऱ्यांचा अजून व्हायचाय.

यार्डातला माणूस

मी रेल्वेच्या परिचालन (गाड्या चालवण्याच्या) विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो. रिकामी जागा दिसली म्हणजे तिथे गाडी घेता येते असं नसतं. गाडी फलाटावर घ्यायची तर यार्डाच्या तोंडाशी, म्हणजे सगळे रूळ जिथे एकत्र येतात तिथे, मोकळा मार्ग लागतो, रूळ बदलायचे पॉइंट लागतात, सिग्नल इंटरलॉकिंगमध्ये (दोन गाड्या एका मार्गावर येऊ न देणाऱ्या यंत्रणेत) बसवावा लागतो, आता वर विजेची तारसुद्धा लागते. आपल्या जंक्शनची अडचण बऱ्याचदा तोंडाशी असते. कोल्हापूरकडून बेळगावकडे जाणारी गाडी मिरजेत येते, इंजिन सुटतं, दुसऱ्या टोकाला लागतं, ब्रेकची तपासणी होते, मग गाडी उलट्या तोंडाने निघते. तेवढा वेळ फलाट अडलेला, आणि इंजिन फिरवायला शेजारची लाईनही लागते. तुम्ही आणखी दोन फलाट दिलेत तरी तोंड तेवढंच राहणार.

छोट्या लाईनचं म्हणाल तर ७६२ मिलिमीटर गेजच्या गाड्यांसाठी बांधलेली कड ब्रॉडगेजला उपयोगाची नाही. फलाटाची कड रुळांच्या मध्यापासून १६७० ते १६८० मिलिमीटरवर हवी, उंची रुळापासून ७६० ते ८४०. जुना ओटा त्यात बसत नसेल तर तो पाडून नवाच बांधायचा, मग ‘जुना वापरला’ म्हणण्यात काय अर्थ? आणि वॉटर्लूचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. फलाट होते, रूळ होते, छप्पर होतं, तरी दहा वर्षांहून जास्त काळ गेला. पासपोर्ट तपासणीसाठी बांधलेले मजले लोकलच्या गर्दीला चालत नव्हते. स्टेशनच्या मुख्य भागाशी जोड नव्याने द्यावी लागली.

शेडबाळची लेक

यार्डातले काका, तुमचं शेवटचं वाक्य मला पटलं, पण त्यातून मला वेगळंच दिसतं. फलाट असून माणूस तिथे पोचत नव्हता, म्हणून वेळ गेला. आमच्याकडेही प्रश्न पोचण्याचाच आहे.

आम्ही सीमेपलीकडचे, कर्नाटकातले. बेळगाव, विजापूर, बागलकोटकडची माणसं दवाखान्यासाठी मिरजेलाच येतात. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासूनची ही रीत आहे, आजोबाही असेच यायचे. माझ्या वडिलांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. परतीच्या प्रवासात एका स्टेशनवर (नाव लिहीत नाही) गाडी पलीकडच्या फलाटावर लागली. लिफ्टच्या दाराला साखळी. वॉकर घेऊन जिना चढणं शक्यच नव्हतं. भाऊ आणि एका हमालाने चहाच्या स्टॉलवरची प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, वडिलांना त्यात बसवलं आणि दोघांनी खुर्ची उचलून पूल ओलांडला. खुर्चीचा एक पाय मध्येच वाकला. वडिलांनी दोन्ही हातांनी कठडा धरून ठेवलेला, सोडायला तयार नव्हते, आणि मागून लोक ‘चला चला’ करत होते.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. स्टेशनं सर्वांना वापरता येतील अशी असली पाहिजेत हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणून माझं मत मिरजवेस यांच्याही विरुद्ध आहे. यादी, डॉक, रूळ हे सगळं नंतर. आधी प्रत्येक फलाटाला चालू लिफ्ट आणि ती बंद पडली तर उताराची वाट. नवा फलाट म्हणजे आम्हाला ओलांडायला आणखी एक पूल.

मिरजवेस

ताई, वडिलांना आता बरं असेल अशी आशा. तुमचं म्हणणं मी माझ्या मागणीच्या विरोधात धरत नाही. उलट असं बघा. मिरज-कुर्डुवाडी, मिरज-परळी, कोल्हापूरची पॅसेंजर, या गाड्यांना लांबलचक फलाट लागत नाही. त्या मुख्य फलाटांवर उभ्या राहतात आणि लांब पल्ल्याच्या गाड्या पलीकडे ढकलल्या जातात. आखूड गाड्यांना टोकाचा फलाट मिळाला तर दारासमोरचा फलाट लांबच्या गाड्यांना मोकळा होईल, आणि पेशंट घेऊन येणाऱ्याला पूलच चढावा लागणार नाही. आषाढीला मिरजेहून पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात, डोक्यावर बोचकं घेतलेल्या म्हाताऱ्या बायका असतात. त्यांच्यासाठी सपाटीवरचा एक फलाट पुरे.

काका, ‘तोंड तेवढंच’ हे मान्य. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूरला पाणी न्यायचं ठरलं आणि जलदूत ही पाण्याची गाडी याच मिरजेतून भरून निघाली. आधी १० वॅगन, पुढे ५० वॅगनमधून २५ लाख लिटर. तेव्हा लाईन रिकामी करायला, पाइप टाकायला वेळ मिळालाच की.

यार्डातला माणूस

जलदूतचा मलाही अभिमान आहे. पण वॅगन भरताना लाईनच्या कडेला माणसं उभी नसतात. मालगाडी दोन तास थांबवली तर पाणी ओरडत नाही. प्रवासी फलाटाला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले, तिथे गाड्या वेळेवर होत्या, फलाटही होते. जिना अपुरा होता. त्यानंतर लष्कराला बोलावून पूल बांधावे लागले. म्हणून ताईंच्या बाजूने माझं मत. पुलाची रुंदी आणि उतार आधी.

दारासमोरचा फलाट हवा हे सगळेच मागतात. ते फक्त आखूड गाड्या हलवून होत नाही. येणारी गाडी कुठल्या लाईनवरून कुठे वळते, समोरून त्याच वेळी कोण येतंय, यावर ठरतं. दारासमोर घेण्यासाठी एक गाडी सगळं यार्ड कापून आणली तर बाकीच्या तीन बाहेर उभ्या राहतील, आणि त्यातही पेशंट असतात.

विश्रामबागकर

सगळं मिरजेभोवतीच चाललंय म्हणून लिहितो. सांगली स्टेशन दहा किलोमीटरच्या आत आहे. मिरजेवरचा भार कमी करायचा तर जास्त गाड्या सांगलीपर्यंत आणा, इथूनच सोडा. बेंगळुरूची राणी चन्नम्मा एक्सप्रेस येते की सांगलीपर्यंत! मिरजेतले जुने ओटे उकरण्यात पैसे घालण्यापेक्षा सांगलीत गाडी धुवायची, पाणी भरायची सोय करा. जिल्ह्याच्या गावाला थांबा मागायला निवेदनं द्यावी लागतात, हे कुठवर?

माहुली नाका

साताऱ्याचं बोलू का थोडं. तुमच्याकडे निदान स्टेशन गावात आहे. मीटरगेजच्या काळात साताऱ्याचं स्टेशन म्हणजे तिकडं पाडळीला, सातारारोड. ब्रॉडगेज झाली, मार्ग बदलला आणि स्टेशन माहुलीच्या बाजूला आलं, तरी गावापासून लांबच. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरलेल्या बाईमाणसाने काय करायचं? एस्टी नाही, वडाप (खाजगी जीप) नाही, रिक्षावाला म्हणेल तो आकडा. आमच्या लेखी ‘पोचण्याची सोय’ म्हणजे गाडीच्या वेळेला बसस्थानकाची बस लागणं. त्याला ना पॉइंट लागतो ना सिग्नल. एस्टी आणि रेल्वेने एकत्र बसून वेळापत्रक जुळवायचं, बस्स. फलाटांवर तुम्ही कितीही भांडा, आमचा निम्मा माणूस स्टेशन लांब म्हणून पुण्याला जायला स्वारगेटची एस्टी धरतो.

तंबोरा

सतारमेकर गल्लीतून. तंबोऱ्याचा भोपळा डब्याच्या दारात आडवा मावत नाही, उभा धरावा लागतो, आणि गर्दीच्या जिन्यावर तो छातीशी धरून चढणं म्हणजे जीव मुठीत. वर्षभराची मेहनत एका धक्क्यात फुटते. उतार द्या, रुंद द्या. कुठल्या फलाटाला द्यायचा ते तुम्ही ठरवा.

मिरजवेस

विश्रामबागकर, सांगलीच्या मागणीला माझा विरोध नाही, पण कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर इकडे गाडी बदलून जाणारे सांध्याचे प्रवासी मिरजेतच उतरणार आणि मिरजेतच गाडी बदलणार. तो भार सांगलीला नेता येत नाही. माहुली नाका, बसचा मुद्दा निवेदनात स्वतंत्र घालतो.

विभागीय रेल्वे उपभोक्ता सल्लागार समितीकडे द्यायच्या निवेदनाचा मसुदा असा : एक, प्रत्येक फलाटाला लिफ्ट, शिवाय उताराची वाट, आणि लिफ्ट बंद असेल तर तशी घोषणा गाडी यायच्या आधी. दोन, दुसऱ्या बाजूने तिकीट खिडकीसह प्रवेश. तीन, पडून असलेल्या फलाटांची आणि रुळांची यादी, मापांसह. चार, साताऱ्यात गाडीच्या वेळेला एस्टी.

शेडबाळची लेक

एक नंबरला ‘कन्नडमधूनही’ घाला. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना मराठी घोषणा कळते, पण घाईत नाही.

यार्डातला माणूस

तिसऱ्या कलमाला माझा विरोध कायम आहे. ते ठेवायचंच असेल तर ‘यार्डाच्या तोंडाच्या क्षमतेसह’ एवढं जोडा, नाहीतर माझी सही धरू नका. यादी आली, त्यात पाच रिकामे रूळ दिसले, की पेपरात ‘रेल्वे जागा दडवते’ असा मथळा येईल आणि पॉइंटवर उन्हात उभ्या पोराला लोक विचारतील. पहिल्या दोन कलमांवर मात्र आजच सही करतो. उताराचं प्रमाण लिहा, एकास बारा. त्याहून उभा केला तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो.