रानडुकराच्या मागावर: तुमचे अनुभव लिहा

मित्रांसोबत कधी रानडुकराच्या शिकारीला गेला आहात का? बंदूक तुमच्या हातात असो, तुम्ही हाकाऱ्यांत असा, किंवा रात्रभर नुसते मचाणावर बसून आला असाल, सगळं लिहा. विनंती एवढीच की नेम कसा लागला ते दोन ओळींत उरका आणि बाकीचं सविस्तर सांगा. कोण कुठे उभं होतं, माग कसा काढला, जनावर पडल्यावर पुढे काय केलं. बार उडतो तो क्षणभराचा. त्याआधीची आणि त्यानंतरची सगळी वेळ सोबत्यांच्या भरवशावर निघते, आणि शिकारीचं कसब मला तरी तिथेच दिसतं.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी आधीच सांगतो. हौसेखातर रानडुक्कर मारणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवानेही बंद झाले. पिकाच्या नुकसानीपायी वनखातं रीतसर परवानगी देतं, ती बाब वेगळी. तेव्हा परवानगीतलं, परदेशातलं किंवा कायद्याआधीचं लिहा. फासक्या आणि गावठी बॉम्ब लावून केलेल्या प्रकारांना मी शिकार मानत नाही, ते इथे नकोत.

माझ्यापासून सुरुवात करतो.

ब्राझोस नदीकाठ, टेक्सास

इथे हे जनावर मूळचं नाही. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं रानात सुटली. पुढे १९३० च्या दशकात शिकारीच्या हौसेने युरोपातली रानडुकरं आणून सोडली गेली. दोघांचा संकर आता राज्यभर पसरला आहे, वीस लाखांहून जास्त असल्याचा अंदाज आहे. मका पेरला की कळप रात्री येतो आणि पेरणीची ओळ धरून उकरत जातो, दाणा न् दाणा वेचतो. शेतकरी सकाळी येऊन बघतो तेव्हा पेरणी पुन्हा करायची वेळ आलेली असते. म्हणून डुकराच्या शिकारीला इथे हंगाम नाही आणि संख्येची मर्यादा नाही. २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची संमती असेल तर शिकारीचा परवानासुद्धा लागत नाही.

आम्ही जातो त्या रँचचे मालक सत्तरी ओलांडलेले आहेत. गाडीतून उतरल्यावर बंदुकांना हात लावायच्या आधी ते काठीने मातीत नकाशा काढतात. ओढा इथे, गाईंचं कुंपण इथे, शेजाऱ्याचं घर त्या दिशेला, तिकडे नळी वळवायचीच नाही. वारा कुठून येतोय ते बघून मग चालायचं, कारण डुकराची नजर बेताची असली तरी नाक भयंकर तिखट. वारा पाठीमागून असेल तर कळप दिसायच्या आधीच पसार होतो.

अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीतून काळ्या शेतात पांढरे ठिपके दिसतात. मोठी मादी पुढे, पिल्लं तिच्या पायात, आणि बाजूला थोडं अंतर राखून नर. आमच्यातला फक्त एक जण बोलतो, तेही कुजबुजत. सगळे एका रेषेत, खांद्याला खांदा लावून. कोणीही एक पाऊल पुढे जायचं नाही. तो तीन म्हणाला की एकदम बार. पहिल्या आवाजानंतर कळप फुटतो, आणि नेमक्या त्या वेळी अंगात वारं शिरलेला माणूस धोक्याचा. एकदा आमच्यातला एक नवखा मित्र पळणाऱ्या डुकरामागे नळी फिरवायला लागला. शेजारच्याने शब्द न बोलता त्याच्या नळीखाली हात घालून ती आभाळाकडे केली. त्या दोघांची मैत्री त्या रात्रीपासून जास्त घट्ट झाली, हे मी बघतो आहे.

पडलेल्या जनावराजवळ लगेच जायचं नाही. थोडं थांबून, पाठीच्या बाजूने, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं. मग रबरी हातमोजे. या डुकरांत ब्रुसेलोसिस हा ब्रुसेला जिवाणूंचा रोग असतो, आणि बोटावरच्या बारीकशा चिरेतूनही तो माणसाला होतो. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट कूर्चेची ढाल असते. नरांच्या आपसातल्या झुंजीत सुळ्यांचे वार ती झेलते. सुरी तिथे अडते, दर थोड्या वेळाने धार लावावी लागते. एक जण टॉर्च धरतो, दोघे पाय ताणून धरतात, एक कापतो. ब्राझोसच्या उकाड्यात मांस तासाभरात बिघडायला लागतं, म्हणून बर्फाची पेटी आधीच भरून ठेवलेली असते.

प्रश्न, पुण्याहून

हे मांस घरी खाता का? पाळीव डुकरासारखंच लागतं का? आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवलं की रोगजंतू मरतात असं ऐकलंय, ते बरोबर का?

बायरिशर वाल्ड, जर्मनी

माझ्याकडे बंदूक नव्हती आणि आजही नाही. इथे शिकारीचा परवाना म्हणजे लेखी, तोंडी आणि नेमबाजीची परीक्षा. त्या अभ्यासात लोकांचे महिने जातात. पण हाकाऱ्याला परीक्षा लागत नाही. ऑफिसातल्या सहकाऱ्याने विचारलं, 'ड्र्युकयाग्ड'ला, म्हणजे हाक्याच्या शिकारीला येतोस का, आणि मी गेलो.

नोव्हेंबरातली सकाळ, पातळ बर्फ. सगळे गोल करून उभे राहिले आणि शिकारप्रमुखाने नियम वाचले. परवाना दाखवा. नारिंगी जाकीट सक्तीचं. काय मारायचं आणि काय नाही याची यादी. कळपात लहान आधी, मोठं नंतर. आणि पिल्लं बरोबर असलेली मादी कोणत्याही परिस्थितीत मारायची नाही. ती गेली तर कळपाची घडी विस्कटते आणि पोरकी पिल्लं वाट फुटेल तिकडे शेतात घुसतात. त्याने सांगितलेलं हे कारण मला मनापासून पटलं.

आम्हा हाकाऱ्यांचं काम काठ्या आपटत, 'होप होप' करत एका ओळीत चालायचं. ब्लॅकबेरीच्या काटेरी जाळ्या छातीपर्यंत. डुक्कर नेमकं तिथेच दडून बसतं, त्यामुळे जाळीला वळसा घालून चालत नाही, आत घुसावंच लागतं. माझ्या डावीकडच्या जाळीत कुत्रा भुंकायला लागला, पण हलेना. सहकारी ओरडला, थांब. जाळीतून आधी फुत्कार आला, मग दातांवर दात घासल्याचा आवाज, मग एक मोठं काळं धूड माझ्यापासून चार हातांवरून मुसंडी मारून निघून गेलं. वास अजून आठवतो, ओल्या मातीचा आणि उग्र. नर असावा. पुढे मचाणावरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने त्याला जाऊ दिलं, कारण त्याच्या गोळीच्या रेषेत आमची ओळ येत होती. नंतर त्याच्याशी हात मिळवताना मी त्याचा हात जरा जास्त वेळ धरला.

दुपारी सगळी जनावरं स्प्रूसच्या फांद्यांवर उजव्या कुशीवर मांडतात. प्रत्येकाच्या तोंडात छोटी डहाळी, 'शेवटचा घास' म्हणून. मग शिंगं वाजतात. डुकराची धून वेगळी, हरणाची वेगळी. सगळे टोप्या काढून उभे. मारलेल्या जनावराला असा मान देतात हे मला फार आवडलं.

त्यानंतर कागदपत्रं. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या स्नायूचा आणि पुढच्या पायाचा तुकडा ट्रायकिनेच्या, म्हणजे मांसातल्या बारीक परजीवी जंतांच्या तपासणीला जातो, ते सक्तीचं. शिवाय बव्हेरियाच्या या भागात किरणोत्साराचीही मोजणी होते. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर इथल्या मातीत किरणोत्सारी सीझियम उतरलं, जमिनीखालच्या एका जातीच्या बुरशीत ते साठतं आणि डुकरं ती उकरून खातात. किलोमागे ६०० बेकरेलच्या (हे किरणोत्साराचं माप) वर आकडा गेला की मांस विकता येत नाही.

कुडाळ तालुका, सिंधुदुर्ग

मी आता पंचाहत्तरीला आलो. साठच्या दशकातली, कायद्याच्या आधीची गोष्ट सांगतो. शिमगा झाला की आमच्या वाडीची पारध निघायची. बंदुका दोनच, त्याही ठासणीच्या. एकदा बार काढला की पुन्हा दारू ठासेपर्यंत डुक्कर पार डोंगरापल्याड. त्यामुळे सगळी मदार हाक्यावर. आदल्या दिवशी दोघे जण जाऊन पाणवठ्यावरची लोळण आणि ताज्या पायखुणा बघून यायचे. चिखल झाडाच्या बुंध्याला किती उंचीवर घासलाय, त्यावरून जनावर केवढं ते सांगायचे.

मला वाटेवर उभं केलं तेव्हा मोठ्या काकांनी एवढंच बजावलं, "हंयसून हलू नको. डुकर अंगार इलो तरी झाडामागे ऱ्हव, धावा नको." पळणाऱ्याच्या मांड्या सुळ्याने फाडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

वाटे पडायचे ते चावडीसमोर, सगळ्यांच्या देखत. हाकाऱ्यांना सारखे. ज्याचा बार लागला त्याला एक वाटा जास्त. कुत्रेवाल्याला कुत्र्याचा वाटा. आणि ज्याच्या रानात डुक्कर पडलं त्याच्या घरी वाटा पोचता व्हायचा, तो माणूस मुंबईला गिरणीत असला तरी.

आता तिथे कुणीतरी गाडीच्या क्लचवायरची फासकी लावतं. डुकरासाठी लावतात आणि बिबट्या अडकतो. कंबरेत तार रुतलेला बिबट्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. वनखात्याच्या लोकांनी तो सोडवला. हे करणाऱ्या माणसाला रानही कळत नाही आणि शिकारही कळत नाही.

वाशीम जिल्हा

आमची शिकार झालीच नाही, तरी लिहितो, कारण आमच्याकडे बहुतेक रात्री अशाच जातात.

सोयाबीन निघालं की तूर आणि हरभरा. कोवळा हरभरा म्हणजे रोही (नीलगाय) आणि रानडुकरं दोघांनाही आमंत्रण. शेताभोवती जुन्या साड्या बांधून झाल्या. सोलरचं झटका मशीन घेतलं, त्याचा काही दिवस उपयोग झाला. मग एका नराने तार सोडून खालची माती उकरून वाट केली. थेट लाइनचा करंट सोडणारे आहेत. त्यात डुकरापेक्षा माणूस मरतो, गावोगाव असे घरधनी गेलेत. ते कोणी करू नका.

सरकारच्या २०१५ च्या निर्णयाचा आधार घेऊन आम्ही वनक्षेत्रपालांकडे अर्ज केला. आधी नुकसानीचा पंचनामा, मग परवानगी. बंदूक गावातल्या परवानाधारकाची. बाकी आम्ही मित्र मचाणावर, थर्मासमध्ये चहा.

"काऊन बे, झोपला का?"

"झोपतो कायले, कान लावून बसलो ना."

पहाटे कळप बांधापर्यंत आला. पण त्यांच्या मागे, त्याच रेषेत, शेजारच्या मळ्यातल्या जागलीवाल्याची बॅटरी हलत होती. परवानाधारक काकांनी बंदूक मांडीवर आडवी ठेवली. आम्ही डबे वाजवून कळप हुसकला. सकाळी पाहिलं तर कोपऱ्यातला हरभरा गेलाच होता. काकांना कोणी एका शब्दानेही बोललं नाही.

वायकाटो, न्यूझीलंड

इथे कुत्रे आणि सुरी. १७७३ मध्ये कॅप्टन कुकने डुकरं आणली, म्हणून रानडुकराला लोक अजून 'कॅप्टन कुकर' म्हणतात. कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा, छातीला जाड चिलखत. एक कुत्रा शोधतो, भुंकून अडवून धरतो, दुसरे कानाला धरतात. माणसाने मागून येऊन मागचा पाय उचलायचा आणि पुढच्या पायामागे सुरी. हे झटपट झालं नाही तर कुत्रा फाटतो. माझ्या माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी समाजातल्या मित्राने मला बरेच दिवस सुरी दिली नाही, फक्त वाहून आणायला लावलं. मागच्या पायाच्या शिरेमागे चीर पाडून पुढचे पाय त्यात अडकवले की डुक्कर दप्तरासारखं पाठीला लावता येतं. साठ किलोचं धूड घेऊन नेचांच्या उतारावरून खाली यायचं. घरी आल्यावर केस जाळून, खरवडून साफ करायचं. पहिला तुकडा मित्राच्या आजीकडे जातो, मग बाकीच्यांना.

ब्राझोस नदीकाठ, टेक्सास

पुण्याच्या प्रश्नाचं उत्तर. हो, खातो. मादी किंवा लहान नराचं मांस उत्तम, चरबी पाळीव डुकरापेक्षा बरीच कमी. जुन्या नराला उग्र वास असतो, तो आम्ही घेत नाही. फ्रीझरवर भरवसा ठेवू नका, ब्रुसेला थंडीने मरत नाही आणि ट्रायकिनेच्या काही जातीही टिकतात. आतलं तापमान ७१ अंश सेल्सियस झालं पाहिजे, थर्मामीटर टोचून बघा. मी खांद्याचं मांस आलं-लसूण, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि मालवणी मसाला घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर तीन तास ठेवतो. रँचवाले आजोबा त्याबरोबर भाकरी मागून घेतात. कापताना हातमोजे घालायचे ते स्वयंपाकघरातसुद्धा, आणि कच्चे तुकडे कुत्र्याला घालू नका.