दीर्घिकांच्या ग्रुपमधला गरम गॅस टकरांमुळे तापतो का?

निरभ्र:
एक शंका आहे. चार-पाच ते पन्नासेक गॅलक्सींचा जो ग्रुप असतो त्यात मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या जागेत जवळपास १ कोटी अंश तापमानाचा गॅस असतो असं वाचलं. गॅलक्सी एकमेकींवर आदळतात म्हणून तो तापतो का? आणि एवढा गरम आहे तर साध्या दुर्बिणीतून दिसत कसा नाही?

रात्रपाळी:
दिसत नाही कारण एवढा तापलेला गॅस मुख्यतः क्ष-किरण सोडतो आणि ते आपल्या वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीणच वर न्यावी लागते. १९९० ला रोसॅट गेली, १९९९ ला चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन. शिवाय गॅस भयंकर विरळ आहे, बऱ्याच ठिकाणी लिटरभर जागेत एखादा कण.

सप्तर्षी:
टकरांचा वाटा थोडा, खरं काम गुरुत्वाकर्षणाचं. ग्रुपचं वस्तुमान, त्यात बहुतेक डार्क मॅटरच (न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य), गॅसला आत ओढतं, पडता पडता वेग वाढतो आणि आधीच्या गॅसवर आपटून त्या वेगाची उष्णता होते. म्हणून जड क्लस्टरमधे, म्हणजे शेकडो-हजारो गॅलक्सींच्या मोठ्या समूहात, तापमान १० कोटी अंशापर्यंत जातं.

पण गॅलक्सी विलीन होतात त्या ग्रुपमधे जास्त, आणि मला हेच सगळ्यात सुंदर वाटतं. क्लस्टरमधे त्या सेकंदाला १००० किमीच्या आसपास पळतात, जवळून गेल्या तरी निसटतात. ग्रुपमधे वेग २००-३०० किमी, म्हणजे गॅलक्सीच्या आत तारे फिरतात साधारण तेवढाच, त्यामुळे एकमेकींना ओढून धरायला वेळ मिळतो.

निरभ्र:
अच्छा! मग टकरीनेच तापलेला गॅस कुठे सापडलाय का?

सप्तर्षी:
हो, स्टीफन्स क्विंटेट बघ, आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या पाच गॅलक्सी. १८७७ ला सापडलेला, २०२२ मधे जेम्स वेब दुर्बिणीने फोटो काढला तोच. त्यात एनजीसी ७३१८बी ही गॅलक्सी सेकंदाला सुमारे ९०० किमीने ग्रुपच्या गॅसमधे घुसतेय आणि तिथे शॉकचा (आपटून दाबल्या-तापलेल्या गॅसचा) लांबलचक पट्टा क्ष-किरणांत चमकतो. (पाचातली एनजीसी ७३२० मात्र त्या ग्रुपची नाहीच, ती आपल्याला खूप जवळ आहे.)

रात्रपाळी:
फॉसिल ग्रुपबद्दल पण वाच, पहिला १९९४ मधे ओळखला गेला. मोठ्या गॅलक्सी सगळ्या एकीत मिसळून गेल्यात, गॅस मात्र निवायला अब्जावधी वर्षं घेतो, म्हणून फोटोत एकटीच लंबवर्तुळाकार गॅलक्सी दिसते आणि क्ष-किरणांत बघितलं की तिच्याभोवती अख्ख्या ग्रुपएवढा गॅस अजून तसाच पसरलेला असतो.