६० खाटा, नऊ सिस्टर कमी. ड्युटी लिस्ट कशी बसवू? मदत हवी आहे

नमस्कार. तालुक्याच्या गावातल्या खासगी हॉस्पिटलात मी नर्सिंग इन्चार्ज आहे. कागदावर ३२ सिस्टर, हातात २३. तिघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत (२६ आठवडे, तो त्यांचा हक्कच आहे), चौघींना सरकारी नोकरी लागली आणि दोघी जर्मन शिकायला पुण्याला गेल्या. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी तिकडे माणसं पाठवण्याचा करार केल्यापासून चेंजिंग रूममध्येही 'बी-टू (जर्मन भाषेची पातळी) झालं का?' हेच ऐकू येतं. जाणाऱ्यांना मी अडवत नाही. मागे राहिलेल्यांची काळजी वाटते.

व्यवस्थापनाचं उत्तर एकच, डबल लावा. म्हणजे दुपारी २ ला आलेली सिस्टर दुसऱ्या दिवशी सकाळी ८ ला सुटते. गेल्या महिन्यात सकाळी सातच्या राउंडला मी बघितलं, अशाच डबलवरच्या सिस्टरच्या एका हातात पेशंटने घरून आणलेली १०० ची (एका मिलीत १०० युनिट) इन्सुलिन होती आणि दुसऱ्या हातात लाल टोपणाची ४० ची (एका मिलीत ४० युनिट धरून खुणा असलेली) सिरिंज. २० च्या खुणेपर्यंत भरलं असतं तर २० ऐवजी ५० युनिट गेलं असतं. तिला थांबवलं. ती रडायला लागली. आठ वर्षं बिनचूक काम केलेली मुलगी आहे. चूक तिची नाही, अठरा तासांची आहे.

त्या दिवसापासून डोक्यात एक विचार आहे. गावात लग्न होऊन आलेल्या, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या आणि मुलं लहान म्हणून घरी असलेल्या सहा जणी मला माहीत आहेत. ८ ते २ त्यांना जमत नाही, पण शाळेची गाडी गेल्यावर ९ ते १ जमतं. आणि आमच्या वॉर्डात खरी धांदल तेव्हाच असते: डॉक्टरांचा राउंड, ड्रेसिंग, डिस्चार्ज. शिवाय ओपीडीतल्या दोघी पूर्वी वॉर्डात होत्या, त्यांनाही आठवड्यातून एक-दोन ड्युट्या देता येतील.

अडतंय ते इथे. त्यांना पैसे तासावर द्यायचे की ड्युटीवर? किती दिवस कुणाच्या तरी सोबत ठेवायचं? आणि जुन्या सिस्टर आत्ताच म्हणताहेत, 'त्यांना शाळेची वेळ आणि नाइट आमच्याच माथी?' हे मला सगळ्यात जड जातंय, कारण त्यांचं खरं आहे. कुणी हे करून बघितलंय का?

(मावशींना सलाइन बदलायला शिकवा, असं कृपया सुचवू नका. ते मी करणार नाही.)

प्रतिसाद:

ताई, आम्ही हे तीन वर्षं चालवतोय. आधी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी चालू आहे का ते बघा. घरी बसलेल्यांची बहुधा संपलेली असते. नूतनीकरण होईपर्यंत वॉर्डात घेऊ नका. पहिल्या सहा ड्युट्या जादा माणूस म्हणून ठेवा, पेशंटची स्वतंत्र जबाबदारी देऊ नका. ॲडमिशन, ड्रेसिंग, बीपी-शुगर, डिस्चार्ज एवढंच. इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन (रक्त पातळ करणारं) ही जोखमीची औषधं दोघींनी बघूनच. पैसे आम्ही ड्युटीवर देतो.

नाइटचं म्हणाल तर नवीन बायका यायच्या आधी नाइट भत्ता वाढवून घ्या, नंतर कुणी देत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, डबल ड्युट्यांचा तो हिशोब मांडून मालकांपुढे ठेवा. मूळ गोष्ट म्हणजे रजेसाठी ३० टक्के माणसं राखीव धरायची असतात. तुमच्या ३२ मध्ये ती धरली होती का?

धागाकर्ती:

नव्हती धरली. ३२ म्हणजे एकही जण रजेवर नाही असं समजून काढलेला आकडा आहे, हे आत्ता लक्षात आलं. हिशोब आज रात्रीच करते. सोमवारी दोघींना नोंदणीचे कागद घेऊन बोलावलंय. भत्ता किती वाढवून मागू? कुणी आपल्याकडचा आकडा सांगू शकेल का?