किशोर कादंबरी: अमावास्येची मध्यरात्र, कुलाबा किल्ला आणि अडलेला शेवट

वाळूतली पावलं
दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहितेय. जागा अलिबाग. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे आलेल्या तीन भावंडांना रात्री कुलाबा किल्ल्याच्या तटावर कंदील फिरताना दिसतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आंग्र्यांच्या या किल्ल्यावर चालून आले होते. तेव्हा नाहीशा झालेल्या एका तांडेलाचं ते भूत, असं मामाच्या शेजारची आजी सांगते (तांडेल माझ्या कल्पनेतला, लढाई खरी). अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटी बघून मुलं चालत किल्ल्यात शिरतात.

शेवटाशी अडलेय. अकरा वर्षांच्या भाचीला सहा प्रकरणं वाचून दाखवली. ती म्हणाली, "मावशी, कंदीलवाला चोर निघाला तर मी पुढे वाचणार नाही." पण भूत खरंच आहे असं लिहायलाही मन धजत नाही. तुम्ही काय कराल?

खडकावरचा
माझं बालपण अलिबागेतलं, वडील मासेमारी करायचे. शेवटाचं नंतर बोलू, आधी तुमची मध्यरात्र. अमावास्येला त्या वेळी किल्ल्याभोवती भरती असते! बाबा बोटांवर हिशेब करायचे: तिथीची पाऊणपट. अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराच्या सुमाराला पूर्ण भरती, तीही उधाणाची. ओहोटी त्याच्या सहा तास आधी, संध्याकाळी पाचच्या आसपास. अष्टमीला मध्यरात्री ओहोटी मिळते, पण ते भांगाचं पाणी, फार मागे हटत नाही.

मुलांना पाचलाच जाऊ द्या. कंदिलाच्या खुणा शोधताना वेळेचं भान सुटेल आणि वाट पाण्याखाली जाईल. मग पहाटे साडेपाचपर्यंत सुटका नाही. आत सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, गोडं पाणी आहे. रात्र काढता येईल.

शाळेतली ग्रंथपाल
वरच्या हिशेबात एक भर. दिवाळीतली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन. तिन्हीसांजेला घरातले सगळे पूजेच्या गडबडीत, मुलं दिसत नाहीत हे लक्षात यायला उशीर होणारच.

शेवटाबद्दल: माझ्याकडची मुलं भुताला घाबरून पुस्तक परत करत नाहीत. भूत खोटं निघालं की मात्र फसवल्यासारखी तोंडं करतात. सगळं उलगडू नका. नोव्हेंबरच्या सुमाराला आपल्या किनाऱ्यावर कधीकधी लाटा निळ्या चमकतात. नॉक्टिल्युका नावाचे एकपेशीय जीव पाणी हललं की उजळतात, ओल्या वाळूवर पाय पडला तरी उजळतात. हे मुलांना नीट समजावून सांगा, मामाच्या तोंडून सांगा हवं तर. आणि पहाटेच्या अंधारात तिघं परत निघाली की वाळूवर चमकणाऱ्या पावलांच्या चार रांगा दिसू द्या.

वाळूतली पावलं
चौथी रांग वाचली आणि अंगावर काटा आला. मध्यरात्रीचं प्रकरण आज काढून टाकलं, बारा पानं गेली. खडकावरचा, तुमच्या बाबांची पाऊणपट मी आजीच्या तोंडी घालू का? ती मुलांना हिशेब शिकवते, पण धाकटा अर्धवट ऐकतो, असं सुचलंय.

भाचीला फोनवर चार रांगा सांगितल्या. थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "चौथी पावलं किनाऱ्याकडे येणारी, की परत किल्ल्याकडे जाणारी?"

खडकावरचा
घाला की. बाबांना आवडलं असतं.
आणि पावलं किल्ल्याकडे जाणारी. तो मुलांना अर्ध्या वाटेपर्यंत पोचवायला आला होता.